कड

डफाची कड एका जागी फुटलेली आहे.
तिथे तांब्याची तार आहे, सात वेढे.
थाप पडली की तार झणझणते,
आवाजाच्या मागून एक बारीक आवाज येतो
झाकण सैल झालेल्या डब्यासारखा.
पैकूकाका म्हणतात, "नवा घे ना व पोरी,
इतवारीत भेटते सात-आठशेत."

मी नाही घेतला.

तांडापेठेतली दीड खोली,
त्यातली एक मागाची.
बाप खड्ड्यात पाय सोडून बसायचा
आणि धोटा फेकता फेकता कवनं जुळवायचा,
असं मोहल्ल्यातले लोक सांगतात.
शाहीर कवडू बारापात्रे.
दिवाळी सरली की मंडईवाले यायचे
कुहीचे, मांढळचे, पार मौद्याकडचे,
विड्याच्या पानावर इसार ठेवून जायचे.
ते पैसे पाचपावलीचं फाटक ओलांडायच्या आत
पातळ होऊन जायचे.

मला आठवतो तो पहाटेचा,
टेम्पोतून उतरणारा,
फेटा गळ्यात, पायात एकच चप्पल,
रातभर शब्दांनी माणसं खिळवून ठेवलेला
आणि दारात आल्यावर
मायला हाक मारायलाही शब्द न उरलेला.

एका रात्री त्यानं डफ उगारला.
माय सरली बाजूला.
मागाच्या खांबाला लागून कड फुटली.
सकाळी त्यानंच तार आणली कुठूनतरी,
हात थरथरत होते,
मला म्हणाला, "बाई, इथं बोट ठेव जरा."
मी ठेवलं. नऊ वर्षांची होते.
चुलीपासून माय म्हणाली,
"घे, तूही त्याचीच कड घे."

मेयोच्या वॉर्डात, शेवटी शेवटी,
त्याची बोटं चादरीवर हलायची.
नर्सला वाटलं थंडी भरली, तिनं ब्लँकेट आणलं.
मी मोजत होते.
एकही मात्रा सुटली नव्हती.

त्याची वही मी पाठ केली.
मग एका दुपारी कांड्या भरताना माय गुणगुणली,
जे वहीत नव्हतं ते.

तुटला धागा सांधू बाई, तुटली रात कशी सांधू
उभा ताणा, आडवा बाणा, मधात जीव कुठं बांधू

"हे कोणाचं व माय?"
चरखा थांबला नाही.
"त्याले पहिली ओळ सुचे.
मंग बसे डोकं धरून.
पुढचं मी सांगो."

"मंग शेवटी तुहं नाव घालू? कवडू म्हणेच्या जागी?"
तिनं दातानं सूत तोडलं.
"राहू दे. त्याच्यापाशी नावाशिवाय होतं काय."
आणि बऱ्याच वेळानं, कांडी बदलता बदलता,
"अनसूया म्हणे, हे चालीत बसत नाही.
करून पाह्यलं होतं मी."

यंदा कुहीच्या मंडईत उभी राहिले.
पेपर जाळून डफ शेकला.
पुढच्या रांगेत कोणी हसलं, "पोट्टी काहून उभी?"
पैकूकाकांनी साठीच्या पायात चाळ बांधले,
गालाला पावडर लावली,
माझ्याकडे बघून मान हलवली.

म्हटलं सगळं.
शेवटच्या ओळीला "कवडू म्हणे" म्हटलं,
स्पष्ट, त्याच्यासारखंच किंचित ओढून,
आणि थाप मारली ती मुद्दाम तारेजवळ.

खेळ सुटल्यावर एक म्हातारा आला.
मला वाटलं बक्षीस देतो.
"कवडूची पोरगी होय तू?
त्याच्याकडं माझे दोनशे रुपये होते."
बिदागीतले काढून दिले.
त्यानं मोजले नाहीत, धोतराच्या कनोठीला खोचले.
"आवाज मात्र मायवर गेला तुहा," म्हणाला.
माय कधी कोणासमोर गायली नव्हती.
विचारेपर्यंत तो गर्दीत शिरला होता.

येताना टेम्पोत डफ मांडीवर होता.
पैकूकाका झोपले होते, अर्धी पावडर पुसून.
रस्त्यात खड्डा आला
की तार वाजायची.